येताना खिडकी तुझी

चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधून भीमराज ओव्हाळ निवृत्त झाला, तेव्हा कंपनीनं त्याला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मॅनेजरसाहेबांनी तेरा मिनिटं भाषण केलं. भाषणातलं भीमराजला काही आठवत नाही. मिनिटं आठवतात, कारण घड्याळ हातातच होतं. त्याला खरी हळहळ वाटली ती घरी जाताना, कोकणे चौकात बसमधून उतरताना. डावीकडची तिसरी खिडकी त्या दिवसापासून त्याची राहिली नाही.

ही खिडकी म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. कंपनी भोसरीहून महाळुंग्याला गेली तेव्हा पहिल्या शिफ्टसाठी बस सुरू झाली. काळेवाडी फाट्यावरून निघायची, पिंपळे सौदागरला कोकणे चौकात भीमराजला घ्यायची आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत पुढं जायची. पहिल्याच आठवड्यात खिडकीवरून दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. भीमराजनं मधे पडून निवाडा दिला, की ज्याची नोकरी जास्त त्यानं आधी सीट निवडायची, नव्या पोरांनी मागच्या चाकावर बसायचं आणि रुमाल टाकून जागा अडवायची नाही. गंमत म्हणजे लोकांनी ते ऐकलं आणि त्यालाच बस प्रतिनिधी केलं. त्या बसमध्ये सगळ्यात जास्त नोकरी त्याची स्वतःची होती आणि सगळ्यात चांगली खिडकी त्याच्याच वाट्याला आली होती, ही गोष्ट त्याच्या ध्यानात यायला एकोणीस वर्षं लागली.

त्या खिडकीतून एकोणीस वर्षांत पाहिलं काय, असं कुणी विचारलं तर भीमराज आता खरं ते सांगतो. काही नाही. कोकणे चौकातून बस सुटली की नाशिक फाट्याच्या आत त्याचा डोळा लागायचा आणि कंपनीच्या गेटवर ज्योतीराम ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उघडायचा. मोशीला इंद्रायणी लागते. तिच्यावरून तो हजारो वेळा गेला असेल, पण तिला पूर आलेला त्याला पेपरात वाचून कळायचा. डोकं टेकायला काच हवी, एवढाच त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध. तरी मान मोठा. ओव्हाळभाऊंची खिडकी म्हणून त्याच्या रजेच्या दिवशीही ती रिकामी जायची.

एकदा दिवाळीत अजिंक्य नावाच्या नव्या इंजिनिअरनं त्याच्या हातात काजूकतलीचा डबा ठेवला आणि हळूच विचारलं, मागच्या चाकावर पाठ फार दुखते, पुढं कुठं खिडकी मिळेल का. भीमराजनं भर बसमध्ये उभं राहून डबा परत केला. "भावा, या बसमध्ये सीट विकत मिळत नाही. हजेरी लाव, नोकरी कर, खिडकी आपल्या पायानं तुझ्याकडं येईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजिंक्य दोन महिन्यांनी मोटरसायकलवर यायला लागला. आपलं ते वाक्य मात्र भीमराजला इतकं आवडलं, की पुढं लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सीटचा काही संबंध नसतानाही तो ते ऐकवायचा.

घरात या न्यायमूर्तींच्या विरोधात एक जुनी केस पडून होती, आणि ती त्यांच्या बायकोची होती.

शालनचं माहेर नारायणगावजवळचं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा एसटीनं तिकडं निघाली, तेव्हा भीमराज आधी चढला आणि खिडकीत जाऊन बसला. शालन नवी नवरी. मांडीवर पिशवी घेऊन ती शेजारी बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मी बसू का खिडकीत?" भीमराज म्हणाला, "मला मळमळतं गं. येताना खिडकी तुझी." त्याला आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती. खेडच्या घाटात तो भाजलेले शेंगदाणे खात होता, ते शालनला दिसत होतं, पण नव्या नवऱ्याला खोटं कसं पाडायचं म्हणून ती गप्प बसली. येताना पाऊस लागला. काच नीट बसत नाही, तू भिजशील, असं म्हणून तोच खिडकीत बसला. पुढच्या खेपेला मुलगी मैत्री कडेवर होती. लेकराला वारा लागेल म्हणून तो बसला. मग मैत्री मोठी झाली आणि तिनं खिडकीसाठी भोकाड पसरलं. तेव्हा भीमराजनं मोठ्या मनानं खिडकी सोडली आणि शालनला अगदी कडेला सरकवलं.

तो तिला बाहेरचं सांगायचा मात्र. एसटीत त्याला झोप यायची नाही, कारण सुट्टी असायची. "चाकण आलं. कांद्याच्या गोण्या बघ किती. ही बघ भीमा." शालन त्याच्या खांद्यापलीकडं बघायला मान उंच करायची आणि तिला त्याची कॉलर दिसायची. तीस वर्षं झाली या गोष्टीला. एसटी सुटली, जीप आली, मग भावाच्या मुलाची गाडी आली, आणि प्रत्येक गाडीत ते एक वाक्य ठरलेलं होतं. येताना तुझी. शालननं अलीकडं त्याच्यावर हसणंही सोडून दिलं होतं.

तर निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी मैत्रीचा नागपूरहून फोन आला. त्यांची ही एकुलती एक मुलगी तिथं बँकेत आहे. तिला मुलगी झाली होती आणि नामकरणाला दोघांनी यायचं होतं. तिनं विमानाची जाता-येताची तिकिटं काढून टाकली होती. दोघंही कधी विमानात बसलेली नव्हती. शालन घरी ब्लाउज शिवते. फोन ठेवल्यावर तिनं मशीन सुरू केलं, अर्धी बाही शिवली आणि थांबवलं.

"विमानाला खिडकी असते ना?"

"असते की."

"या वेळी मी बसणार."

"जाताना तुझी आणि येताना पण तुझी," भीमराज म्हणाला. रिकामपणामुळं तो हल्ली उदार झाला होता.

शालननं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. त्या बघण्यात विश्वास होता असं भीमराजला तेव्हा वाटलं. पुढच्या आठवड्यात माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला तिनं सांगितलं, की मी विमानात खिडकीत बसून जाणार आहे. नागपूर, नात, नामकरण हे सगळं त्याच्या मागून यायचं.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा मैत्रीनं पुन्हा फोन केला. भीमराजनं स्पीकर चालू केला.

"पप्पा, चेक-इन करतेय. सीट निवडायची का?"

"निवड की. मम्मीला खिडकी, मला तिच्याशेजारी."

"खिडकीचे साडेचारशे होतात. शेजारची मधली आहे, तिचे तीनशे."

भीमराजला वाटलं, लाइनमध्ये काही बिघाड आहे. "तू तिकिटाचे पैसे दिलेस ना?"

"दिलेत."

"मग सीट त्यात नाही?"

"सीट आहे. कुठली ते त्यात नाही."

"आणि पैसे नाही भरले तर उभं करून नेणार का?"

"नाही पप्पा. ते देतील ती घ्यायची. बहुतेक मधली देतात, आणि दोघांना लांब लांब."

यावर भीमराजनं जे भाषण केलं ते मॅनेजरसाहेबांच्या भाषणापेक्षा लांब झालं. प्रश्न साडेचारशेचा नाही, तत्त्वाचा आहे, इथून त्याची सुरुवात झाली. कॅन्टीनमध्ये ताटाचं कूपन घेतल्यावर वाटीचे वेगळे पैसे मागितले तर आपण देऊ का, अशी मधली बाजू होती. काजूकतलीचा डबा कसा परत केला हे शेवटी आलं. मैत्रीनं तो डबा लहानपणापासून ऐकलेला होता. तिनं फक्त विचारलं, "मग मम्मीची खिडकी?"

"ती माझ्यावर सोड. तिथं गेल्यावर बघतो मी."

पलीकडं शालनचं शिलाई मशीन थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं, आणि भीमराजनं त्याचा अर्थ संमती असा लावला. बायकोच्या गप्प बसण्याचा त्यानं तीस वर्षं हाच अर्थ लावला होता आणि एकदाही कुणाला विचारून खात्री करून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरायला म्हणून कोकणे चौकात गेला. निवृत्त झाल्यापासून त्याचं फिरणं नेमकं बसच्या वेळेला व्हायचं. ज्योतीरामनं बस थांबवली आणि खिडकीतून मान बाहेर काढली. हा ज्योतीराम मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला. जमिनीचा एक तुकडा विकला तेव्हा त्याची सगळी चौदा जणांची भावकी विमानानं बँकॉकला जाऊन आली होती, त्यामुळं विमान या विषयात त्याचा शब्द भीमराजला वजनदार वाटायचा.

"सीटचे पैसे मागतात म्हणे," भीमराज म्हणाला.

"कशाचं पैसं? भाऊ, इमान म्हंजी बी आपली यष्टीच हाय. म्या पयला चढलो, खिडकी धरली, कोन काय बोललं न्हाई. नंबर लिवल्यालं असत्यात, पर बघतंय कोन?"

"म्हणजे लवकर जायचं."

"व्हय. पयलं जायाचं आन धरायाची."

त्याच्या पुतण्यानं चौदाही जणांच्या सीटचे पैसे आधीच भरून ठेवले होते, हे ज्योतीरामला माहीत नव्हतं. भीमराजला ते पुष्कळ उशिरा कळलं. बस निघाली तेव्हा डावीकडच्या तिसऱ्या खिडकीत त्याच्यामागचा सीनियर बुद्धभूषण बसलेला दिसला. त्याचं डोकं काचेला टेकलेलं होतं, तोंड उघडं होतं आणि तो गाढ झोपला होता. आपणही असेच दिसत असू का, असा विचार भीमराजच्या मनात आला. त्यानं तो झटकला.

संध्याकाळी दोघांच्या फोनवर बोर्डिंग पास आले. भीमराजला सव्वीस बी मिळाली होती. बसच्या हिशेबात ही मागच्या चाकाच्याही मागं गेली. "तुला काय आलं?" त्यानं विचारलं. शालन बटणं लावत होती. "आलंय काहीतरी," ती म्हणाली. भीमराजनं पुढं विचारलं नाही. जो चढून बसेल ती त्याची, मग नंबरांचा काथ्याकूट कशाला.

विमान दुपारी एक चाळीसचं होतं. भीमराज शालनला घेऊन सकाळी नऊला लोहगाव विमानतळाच्या दारात उभा राहिला. दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि मग भीमराजकडं बघितलं. त्यानं दोघांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तिथं बसून शालननं डब्यातली चपाती आणि बटाट्याची भाजी खाल्ली, आणि भीमराजनं तिला आपली योजना समजावली. गेटजवळ पहिलं उभं राहायचं. दार उघडलं की तिनं सरळ आत जाऊन खिडकी पकडायची. कुणी काही बोललं तर तो बघून घेईल. शालन म्हणाली, "भाजीत मीठ कमी पडलंय."

आत गेल्यावर पट्टा काढा, पाकीट काढा, हात वर करा असं सगळं झालं. पट्टा पुन्हा घालायच्या घाईत भीमराजकडून पँटचं एक लूप सुटलं आणि पँट एका बाजूला सैल राहिली. पण गेटवर तो पहिला होता. विमानाला तासभर वेळ होता, लोक खुर्च्यांवर बसून फोन बघत होते आणि काचेच्या दारापुढं भीमराज एकटा बॅग घेऊन उभा होता. तिथं रांग नव्हती, तो एकटाच रांग होता. शालन मागं खुर्चीवर बसली होती. तो मधूनमधून वळून तिला खूण करायचा, आणि ती मान हलवायची.

मग निळ्या कोटातली एक मुलगी माइक घेऊन आली आणि म्हणाली, एक ते दहा रांगांतल्या प्रवाशांनी आधी यावं. लोक उठले. भीमराज पुढं सरकला, तेवढ्यात त्याच्या बाजूनं शालन पर्स सावरत पुढं निघाली.

"तू कुठं चाललीस?"

"आत. माझी सात ए आहे."

"सात ए कशी?"

"घेतली. मैत्रीला पैसे पाठवले आणि घे म्हटलं."

"कधी?"

"तुमचं भाषण संपल्यावर."

भीमराजनं बॅग खाली ठेवली. मागचे लोक बाजूनं पुढं जात होते. "आणि माझी?"

"तुमचं तत्त्व होतं ना," शालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दुधाची पिशवी कितीला मिळाली हे सांगावं तसं ती बोलली. "एका अस्तराच्या ब्लाउजची शिलाई गेली. तीस वर्षं वाट बघण्यापेक्षा स्वस्त पडलं." आणि तिनं त्या मुलीला फोन दाखवला आणि गेली.

सव्वीस नंबरची रांग येईपर्यंत भीमराज बाजूला उभा होता. चार तास आधी येऊन तो सगळ्यात शेवटच्या दहांत विमानात चढला. एवढं होऊनही त्याचं डोकं ठिकाणावर आलं नव्हतं. सातव्या रांगेपाशी पोचला तर शालन खिडकीत बसलेली, पट्टा आवळलेला, पर्स पायाशी, आणि शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या. ज्योतीरामचं बोलणं त्याला आठवलं. बॅग वर ठेवायला दोन्ही हात लागणार होते. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि मधल्या सीटवर टाकला.

एकोणीस वर्षं ज्यानं रुमालाविरुद्ध निवाडे दिले त्यानं स्वतःच्या हातानं टाकलेला हा पहिला रुमाल. तो जेमतेम एक मिनिट टिकला.

"काका, हा तुमचा का?" एका तरुणानं रुमाल दोन बोटांत धरून विचारलं. त्याच्यामागं त्याची बायको उभी होती. पाणी घ्यायला थांबल्यामुळं त्यांना उशीर झाला होता.

"माझा. मिसेस आहेत माझ्या तिकडं. तुम्ही माझी सव्वीस बी घ्या, मी इथं बसतो. काय आहे, मी कंपनीत बस प्रतिनिधी होतो, माझ्या अनुभवानं सांगतो, असं आपसात..."

"काका, ही बी आणि सी आम्ही पैसे भरून घेतल्यात."

"मधलीचेसुद्धा?"

"हो."

"मधली सीट कोण विकत घेतं राव?"

"हिच्याशेजारी बसायचं म्हणून घेतली," तो म्हणाला आणि जरा लाजला.

भीमराजनं शालनकडं बघितलं. ती बाहेर बघत होती. खाली एक माणूस बॅगांची गाडी हाकत होता आणि ती ते इतक्या मन लावून बघत होती, की हे सगळं तिनं ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. भीमराजनं रुमाल घेतला, बॅग उतरवली आणि मागं चालायला लागला. जाताना दोन्हीकडची माणसं आपल्याकडं बघतायत असं त्याला वाटत होतं. खरं तर कुणीही बघत नव्हतं. बस प्रतिनिधीला विमानात कुणी ओळखत नाही, हे पचायला त्याला एकोणीस रांगा लागल्या.

सव्वीस ए मध्ये एक गृहस्थ होते आणि सी मध्ये दुसरे. दोघांनीही हाताच्या दांड्या आधीच ताब्यात घेतल्या होत्या. भीमराज मधे बसला आणि त्यानं हात मांडीवर ठेवले, मांडीवर बॅग होती म्हणून बॅगेवर ठेवले. हवाई सुंदरीनं येऊन बॅग पायाखाली सरकवायला लावली, तेव्हा हातांचं काय करायचं हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. विमान पळायला लागलं. त्यानं मान उंच करून खिडकीकडं बघितलं. त्याला गृहस्थांची कॉलर दिसली. तेवढ्यात त्यांनी पापणी ओढावी तशी खिडकीची झापड खाली ओढली आणि डोळे मिटले.

"जरा उघडता का? पहिल्यांदाच बसलोय," भीमराज म्हणाला.

"ऊन येतं हो," ते म्हणाले. "येताना बघा." आणि दोन मिनिटांत त्यांचं डोकं झापडीला टेकून त्यांना झोप लागली.

भीमराजला कुणी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. शरम वाटली, अगदी सरळ शरम वाटली. लग्नानंतरच्या त्या पहिल्या एसटीतली शालन त्याला आठवली. तिच्या मांडीवरची पिशवी आठवली. मळमळतं म्हणून खिडकी घेतली, भिजशील म्हणून घेतली, लेकराला वारा लागेल म्हणून घेतली, आणि ज्या बसमध्ये खिडकी खरोखर त्याची होती तिथं तर झोपून काढली. पोरांना भर बसमध्ये न्याय शिकवत होतो, आणि घरातल्या एका माणसाला तीस वर्षं मधल्या सीटवर बसवत होतो. वर साडेचारशे रुपये वाचवले म्हणून छाती काढून चाललो होतो. सव्वा तास तो बॅगेकडं, समोरच्या सीटच्या पाठीकडं आणि झोपलेल्या गृहस्थांकडं बघत बसला. कंपनीच्या बसमध्ये एवढा वेळ तो कधी जागा राहिला नव्हता.

नागपूरला उतरून तो बाहेर आला तेव्हा शालन कधीची येऊन उभी होती. तिचे डोळे चमकत होते. काचेला टेकून टेकून कपाळाला एक गोल लाल वण उठला होता. भीमराजनं आपल्या कपाळावर तसला वण आरशात अनेकदा बघितला होता, पण तो झोपेचा.

"दिसलं का काही?" त्यानं विचारलं.

"सगळं दिसलं." मग ती बॅगांचा पट्टा फिरेपर्यंत बोलत राहिली. विमान उठल्यावर एका बाजूला कसं कललं, नदी कशी लागली, ती इंद्रायणीच असणार, कारण काठाला देवळाचं शिखर होतं. "आणि मग चाकण आलं," ती म्हणाली. अगदी त्याच्याच सुरात. "पण कांदे नाहीत कुठं. निळे पत्रे. जिथवर नजर जाते तिथवर निळे पत्रे."

"आमची कंपनी दिसली? कोपऱ्यावरची, मोठी, गेटला वळण..."

"अहो, सगळेच मोठे आणि सगळ्याच गेटला वळण. वरून कुठली कुणाची ते काय कळतंय. बस मात्र दिसत होत्या, काडेपेटीएवढ्या. त्यातली एक तुमची असेल म्हणून मी हात केला."

भीमराज पट्ट्याकडं बघत राहिला. एकोणीस वर्षं ज्या पत्र्याखाली काढली तो पत्रा वरून कसा दिसतो ते शालनला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. आपली निळी बॅग समोरून गेली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. ती दुसऱ्या फेरीला शालननं उचलली.

नामकरण छान झालं. बुद्धवंदना झाली, नातीचं नाव सुजाता ठेवलं, खीर झाली, आणि पाहुण्यांत कुणीतरी निवृत्तीचा विषय काढल्यावर भीमराजनं डब्याची गोष्ट सांगितली नाही, म्हणून मैत्रीनं त्याला बरं वाटत नाही का असं विचारलं. परतीला दोन दिवस राहिले तेव्हा तो तिच्याशेजारी येऊन बसला.

"ते सीटचं उघड."

मैत्रीनं फोनवर विमानाचा नकाशा उघडला. बारीक बारीक चौकोन, काही भरलेले, काही रिकामे. भीमराजनं चष्मा लावला आणि बसचा तक्ता तपासावा तसा तो तपासला. "नऊ ए मम्मीला," तो म्हणाला. "खालचं काय काय दिसतं ते ती ओळखते आता." मग त्यानं बोट शेजारच्या चौकोनावर ठेवलं. "आणि ही मला."

"पप्पा, ही मधली आहे."

"दिसतंय."

"पलीकडची वाटेकडची घ्या, पाय तरी मोकळे राहतील. आणि मधलीच हवी तर थांबा की, फुकटात पण मिळेल कदाचित."

"कदाचित नको," भीमराज म्हणाला आणि आपलं कार्ड तिच्या हातात दिलं. मैत्रीनं आधी कार्डाकडं बघितलं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. तिथं शालन सुजाताला खांद्यावर घेऊन उभी होती. शालन काही बोलली नाही, पण या वेळी भीमराजनं त्याचा अर्थ लावायची घाई केली नाही.

परतीच्या विमानात तो नऊ बी मध्ये बसला. दांड्या दोन्हीकडच्यांच्या, हात मांडीवर. पुणं जवळ आलं आणि विमान खाली यायला लागलं, तशी शालन काचेला कपाळ लावून सांगायला लागली. डोंगर आला, धरण आलं, ऊस आला. भीमराज मान उंच करून बघत होता. तिच्या कानातल्या कुडीच्या आणि विमानाच्या पंखाच्या मधून त्याला बोटभर आभाळ दिसलं, आणि त्याखाली एक निळा तुकडा सरकन गेला. ते पत्रे होते की पाणी, ते कळलं नाही.

"जरा सरकतेस का?" तो म्हणाला. "मला पण बघू दे."

शालननं मान वळवली नाही. त्याच्या गुडघ्यावर फक्त एकदा हात ठेवला.

"पुढच्या वेळी खिडकी तुमची," ती म्हणाली.

भीमराजनं बरं म्हटलं आणि मागं टेकून बसला. हे वाक्य किती वर्षं पुरतं, ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.